खालच्या श्रेणीतील फुटबॉल क्लबचा पाठीराखा होताना: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये इंग्लिश फुटबॉल पाहणारे पुष्कळ आहेत, पण तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीतील क्लबच्या मागे उभा राहणारा माणूस भेटला की लोक त्याला हटकून तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मी एएफसी विम्बल्डन या लंडनच्या क्लबचा पाठीराखा असल्यामुळे उदाहरणांत त्याचा वाटा साहजिकच जास्त आहे. वाचकांनी तेवढी सूट द्यावी.

खालची श्रेणी म्हणजे नेमके काय?

इंग्लंडमध्ये सर्वांत वर प्रीमियर लीग आहे आणि तीत 20 क्लब आहेत. तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या तीन श्रेणी असून त्यांत प्रत्येकी 24 क्लब खेळतात. त्याखाली नॅशनल लीग येते आणि तिच्याही खाली प्रादेशिक लीगांची उतरंड थेट गावच्या मैदानापर्यंत पोहोचते. या सगळ्या श्रेणी एकमेकींना जोडलेल्या आहेत, आणि सगळी गंमत त्यातच आहे. लीग टूचे उदाहरण घ्यायचे तर 46 सामन्यांच्या हंगामानंतर पहिले तीन संघ थेट वर जातात, चौथ्या ते सातव्या क्रमांकाचे संघ उरलेल्या एका जागेसाठी प्ले-ऑफ खेळतात आणि शेवटचे दोन संघ नॅशनल लीगमध्ये उतरतात. आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत पुन्हा खेळतो. येथे मात्र शेवटून दुसरा आणि शेवटून तिसरा यांच्यातील एका गुणाच्या फरकावर क्लबचे उत्पन्न, खेळाडूंचे करार आणि कार्यालयातील लोकांच्या नोकऱ्या अवलंबून असतात. त्यामुळे एप्रिल महिन्यात अठराव्या आणि बाविसाव्या क्रमांकाच्या संघांमधला सामनाही जीव मुठीत धरून पाहावा लागतो.

नाशिकमध्ये राहून या क्लबशी आपला संबंध काय?

काहीच नाही, आणि तो असायलाच हवा असेही नाही. मँचेस्टरशी किंवा माद्रिदशी तरी नाशिकचा कोणता संबंध आहे? पण कॉलेज रोडवर मोठ्या क्लबची जर्सी घालून फिरणाऱ्या मुलाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. नाशिकचा स्वतःचा क्लब इंडियन सुपर लीग या देशातील अव्वल स्पर्धेत नाही आणि तिच्याखालच्या आय-लीगमध्येही नाही, त्यामुळे येथील फुटबॉलवेड्याला निष्ठा कुठे तरी बाहेर ठेवावीच लागते. ती कुठे ठेवायची, एवढाच प्रश्न उरतो.

क्लब निवडताना काय पाहावे?

बहुतेक जण गुणतालिका पाहतात, काही जण जर्सीचा रंग पाहतात. माझा आग्रह असा आहे की सर्वांत आधी क्लबची मालकी कोणाकडे आहे आणि मैदान कोणाच्या नावावर आहे, हे पाहावे. खालच्या श्रेणीत गेल्याने क्लब सहसा मरत नाही. तो मरतो हिशेबाच्या वह्यांमुळे किंवा मालकाच्या लहरीमुळे. हे एकदा ध्यानात आले की बाकीच्या प्रश्नांकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

विम्बल्डनचेच उदाहरण पाहावे. मूळ विम्बल्डन क्लबने 1988 मध्ये अंतिम सामन्यात लिव्हरपूलला 1-0 असे हरवून एफए कप, म्हणजे सर्व श्रेणींतील क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकला होता. 1991 मध्ये त्याने प्लाउ लेन हे आपले घरचे मैदान सोडले आणि त्यानंतर तो दुसऱ्याच्या मैदानावर भाडेकरू म्हणून खेळत राहिला. 2002 च्या मे महिन्यात फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या त्रिसदस्यीय आयोगाने हा क्लब सुमारे 90 किलोमीटरवरील मिल्टन कीन्स येथे हलवण्यास परवानगी दिली. नाशिकचा संघ उचलून शिर्डीला नेऊन ठेवावा आणि नाशिककरांना सांगावे की संघ तुमचाच आहे, बस पकडून या, असा तो प्रकार होता. पाठीराख्यांनी बस पकडली नाही. त्यांनी काही आठवड्यांतच नवा क्लब स्थापन केला, विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळरानावर इच्छुक खेळाडूंची निवड चाचणी घेतली आणि उतरंडीच्या पार तळाजवळच्या कम्बाइंड काउंटीज लीगपासून सुरुवात केली. फेब्रुवारी 2003 ते डिसेंबर 2004 या काळात हा संघ लीगमध्ये सलग 78 सामने अपराजित राहिला. 2011 मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगखालच्या त्या तीन श्रेणींत, पोहोचला, 2016 मध्ये लीग वनमध्ये गेला आणि नोव्हेंबर 2020 मध्ये प्लाउ लेनच्या परिसरात बांधलेल्या स्वतःच्या नव्या मैदानावर परतला. त्या मैदानाच्या खर्चासाठी पाठीराख्यांनी रोखेसुद्धा विकत घेतले होते. पहिला सामना डॉनकॅस्टरविरुद्ध 2-2 असा बरोबरीत सुटला, आणि कोविडच्या निर्बंधांमुळे तो पाहायला गॅलरीत प्रेक्षक नव्हते.

क्लबची बहुसंख्य मालकी आजही पाठीराख्यांच्या न्यासाकडे असून तेथे एका सदस्याला एकच मत असते. आपल्याकडच्या सहकारी संस्थांचा अनुभव घेतलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. तिच्यातील फायदे आणि कटकटी दोन्ही त्याला पाठ असतात. मोठी रक्कम ओतणारा धनिक मालक नसल्याने चांगला खेळाडू घडवला की तो विकावा लागतो, हे अशा क्लबचे कायमचे दुखणे आहे.

क्लब खाली गेला तर काय करायचे?

पुढच्या हंगामाची तारीख पाहायची.

हे उत्तर तुसडेपणाने दिलेले नाही. 2021-22 च्या हंगामात विम्बल्डनने डिसेंबरमध्ये एक लीग सामना जिंकला, आणि त्यानंतर हंगाम संपेपर्यंत त्याला लीगमध्ये एकही विजय मिळाला नाही. आधी बरोबरीवर समाधान मानायचे, मग एखाद्या कॉर्नरवर, आणि शेवटी गोलरक्षकाच्या एखाद्या चांगल्या अडवणुकीवर, असे ते महिने गेले. क्लब लीग टूमध्ये उतरला. पण मैदान क्लबचे होते, मालकी पाठीराख्यांची होती, आणि तीन वर्षांनी क्लब पुन्हा वर आला.

ल्यूटन टाउनची कथा तर याहून टोकाची आहे. 2008-09 च्या हंगामात आर्थिक गैरव्यवहार आणि दिवाळखोरीच्या प्रक्रियेतील त्रुटींबद्दल या क्लबचे 30 गुण कापण्यात आले; म्हणजे पहिले दहा सामने ओळीने जिंकले असते, तरी संघ शून्यावर पोहोचला असता. क्लब फुटबॉल लीगमधून बाहेर फेकला गेला. 2011 मध्ये परतण्याची संधी आली, तेव्हा प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात पेनल्टी शूटआउटमध्ये त्याचा पराभव झाला, आणि त्याला हरवणारा संघ विम्बल्डनच होता. ल्यूटन 2014 मध्ये लीगमध्ये परतला, 2023 मध्ये थेट प्रीमियर लीगमध्ये गेला, 2024 मध्ये खाली आला आणि 2025 मध्ये आणखी एक पायरी उतरून लीग वनमध्ये पोहोचला. या काळात ज्याने क्लब सोडला नाही, त्याने पाचव्या श्रेणीपासून पहिल्या श्रेणीपर्यंतचे इंग्लिश फुटबॉल एकाच क्लबच्या निमित्ताने पाहिले.

मग क्लब संपतो तरी कशाने?

बरी हे मँचेस्टरजवळचे गाव आहे. तेथील क्लब 1885 मध्ये स्थापन झाला आणि त्याने 1900 व 1903 मध्ये एफए कप जिंकला. एप्रिल 2019 च्या अखेरीस या क्लबने लीग टूमधून लीग वनमध्ये बढती मिळवली. त्याच वर्षी 27 ऑगस्टला लीगने त्याला हाकलून दिले, कारण कर्ज फेडण्याची आणि हंगाम पुरा करण्याची आर्थिक ऐपत मालकाला सिद्ध करता आली नाही आणि ऐनवेळी विक्रीचा व्यवहारही फिसकटला. मैदानावर बढती मिळवलेला क्लब तीन-चार महिन्यांत लीगमधून नाहीसा झाला, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. पुढे तेथील पाठीराख्यांनी नव्याने सुरुवात केली आणि 2023 मध्ये गिग लेन या जुन्या मैदानावर बरीचे फुटबॉल परतले, पण उतरंडीच्या फार खालच्या पायरीवर.

पोर्ट्समथनेही 2008 मध्ये एफए कप जिंकला आणि 2010, 2012 व 2013 मध्ये तो एकेक श्रेणी खाली कोसळत चौथ्या श्रेणीत गेला. यामागेही कर्ज, बदलते मालक आणि कापलेले गुण होते. 2013 मध्ये पाठीराख्यांच्या न्यासाने क्लब विकत घेतला, आणि त्यासाठी सामान्य माणसांनी एकेक हजार पौंडांचे समभाग घेतले. 2017 मध्ये लीग टूचे विजेतेपद मिळाल्यानंतर त्यांनी स्वतः मतदान करून क्लब एका अमेरिकी उद्योजकाला विकला. पाठीराख्यांची मालकी हाच प्रत्येक वेळी शेवटचा तोडगा असतो असे नाही, पण बुडते जहाज किनाऱ्याला लावण्याइतकी ताकद तीत असते, हे पोर्ट्समथने दाखवून दिले. ब्रिटनच्या संसदेने 2025 मध्ये कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमण्याची तरतूद केली, तीही अशाच घटनांच्या पार्श्वभूमीवर.

आपल्याला इतके लांब जाण्याचीही गरज नाही. पुण्यात गेल्या काही वर्षांत किती क्लब बंद झाले, ते आठवून पाहावे. पुणे एफसी 2012-13 मध्ये आय-लीगचा उपविजेता होता आणि 2015 मध्ये त्याने गाशा गुंडाळला. भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स 2017 नंतर आय-लीगमधून बाहेर पडला. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद झाला आणि इंडियन सुपर लीगमधील त्याची जागा हैदराबादला गेली. या चारपैकी एकही क्लब खालच्या श्रेणीत घसरून संपलेला नाही. भारत एफसी तर तालिकेत शेवटच्या क्रमांकावर होता, पण थेट प्रवेश मिळालेल्या संघांना घसरणीपासून संरक्षण असल्यामुळे त्याच्याऐवजी गोव्याचा डेम्पो खाली गेला. संरक्षण मिळालेला क्लब त्याच वर्षी बंद पडला. बालेवाडीला नियमित जाणाऱ्या पुणेकर प्रेक्षकाने काय करावे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते, कारण त्या क्लबमध्ये प्रेक्षकाचा तिकिटापलीकडे काहीच हक्क नव्हता.

पुण्याच्या मालकांचा इंग्लंडमध्ये क्लब आहे, तो का नको?

ब्लॅकबर्न रोव्हर्स हा 1888 च्या मूळ फुटबॉल लीगच्या संस्थापक क्लबांपैकी एक आणि 1994-95 चा प्रीमियर लीग विजेता. पुण्याच्या व्हेंकीज समूहाने तो नोव्हेंबर 2010 मध्ये विकत घेतला. 2012 मध्ये तो प्रीमियर लीगमधून खाली आला, 2017 मध्ये लीग वनमध्ये उतरला आणि पुढच्याच वर्षी चॅम्पियनशिपमध्ये परतला. 2012 मध्ये घसरणीवर शिक्कामोर्तब करणाऱ्या सामन्यात प्रेक्षकांनी क्लबच्या रंगांचे कापड गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. मालकांच्या कुक्कुटपालन व्यवसायावरचा तो शेरा होता. दुसऱ्या बाजूने, क्लबचा तोटा मालकांनी वर्षानुवर्षे भरून काढला आहे, हेही खरे आहे. निवड अवश्य करावी. मात्र महाराष्ट्राचे मालक म्हणून अभिमान आणि क्लबचा पाठीराखा म्हणून राग, या दोन्ही भावना एकाच शनिवारी सांभाळण्याची तयारी असावी.

सामने किती वाजता असतात आणि येथून पाहता येतात का?

शनिवारचा नेहमीचा सामना तेथे दुपारी तीन वाजता सुरू होतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत त्यांचे घड्याळ एक तास पुढे असते, त्यामुळे त्या काळात आपल्याकडे सायंकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि हिवाळ्यात साडेआठ. जेवणाची वेळ थोडी मागेपुढे केली की काम भागते.

खरी परीक्षा मंगळवारची असते. तेथे पावणेआठला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री सव्वा वाजता सुरू होतो आणि तीनच्या सुमारास संपतो. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात सकाळची पहिली पाळी असणाऱ्याने हे सामने सरळ सोडून द्यावेत, असा माझा सल्ला आहे; जानेवारीत निफाडचा पारा उतरलेला असताना गोधडीतून मोबाइल बाहेर काढून 0-0 बरोबरी पाहण्यात कोणतेही शौर्य नाही. सकाळी उठल्यावर आधी गोल पाहावेत आणि मग निकाल वाचावा, म्हणजे थोडीफार उत्सुकता तरी टिकते.

प्रक्षेपणाच्या बाबतीत परदेशी पाठीराख्याला एक अनपेक्षित फायदा मिळतो. स्थानिक मैदानांवरची गर्दी टिकून राहावी म्हणून इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलचे थेट प्रक्षेपण करण्यास बंदी असते. ही बंदी तेथील प्रेक्षकांसाठी आहे. त्यामुळे क्लबने परदेशातील प्रेक्षकांसाठी सशुल्क प्रक्षेपण उपलब्ध करून दिलेले असेल, तर गंगापूर रोडवर बसलेल्या माणसाला जो सामना अधिकृतपणे पाहता येतो, तो मैदानापासून दोन गल्ल्या अलीकडे राहणाऱ्याला घरी बसून पाहता येत नाही. नियम आणि दर दर हंगामाला बदलतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी क्लबच्या संकेतस्थळावरील अटी वाचाव्यात आणि चोरीच्या दुव्यांच्या नादी लागू नये. लहान क्लबसाठी ती शंभर-दोनशे परदेशी वर्गणीही मोलाची असते.

मोठ्या क्लबचेही समर्थन करता येईल का?

येईल. फक्त एफए कपमध्ये दोघांची गाठ पडली, तर कोणाची बाजू घ्यायची, हे आधी ठरवून ठेवावे.

प्ले-ऑफ इतके निर्दय का मानले जातात?

कारण 46 सामन्यांची पुण्याई तीन सामन्यांत पणाला लागते. 2024-25 च्या लीग टूमध्ये वॉल्सल हा संघ जानेवारीत मोठी आघाडी घेऊन अव्वल होता आणि त्याची बढती जवळपास सर्वांनी गृहीत धरली होती. नंतर त्याची गाडी घसरली. शेवटच्या दिवशी त्याने आपला सामना जिंकला आणि काही काळ तो थेट बढतीच्या जागेवर होताही, पण दुसऱ्या मैदानावर ब्रॅडफर्डने इंज्युरी टाइममध्ये, 96 व्या मिनिटाला गोल केला आणि वॉल्सल चौथ्या क्रमांकावर ढकलला गेला.

26 मे 2025 रोजी वेम्ब्लीवर प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात वॉल्सलसमोर पाचव्या क्रमांकाचा विम्बल्डन होता. मध्यंतराच्या तोंडावर माइल्स हिपोलाइटने गोल केला आणि उरलेला सगळा वेळ विम्बल्डन ती आघाडी धरून बसला. 1-0. येथे सोमवारची संध्याकाळ होती. आनंद झाला हे सांगायला नकोच. परंतु कॅमेरा वॉल्सलच्या गॅलरीकडे वळला तेव्हा तेथे बसलेली माणसे ओळखीची वाटली, कारण तीन वर्षांपूर्वी आमचे चेहरे तसेच होते. या पद्धतीत अन्याय आहे असे मला वाटते, आणि तरीही ती रद्द व्हावी असे वाटत नाही. चौदाव्या क्रमांकावरच्या संघालाही मार्चपर्यंत सातव्या जागेची आशा उरते ती तिच्यामुळेच.

दूरच्या पाठीराख्याने क्लबसाठी प्रत्यक्ष काय करावे?

अधिकृत जर्सी, प्रक्षेपणाची वर्गणी आणि शक्य असल्यास पाठीराख्यांच्या न्यासाचे सदस्यत्व, या क्रमाने खर्च करावा. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून जर्सी बरीच महाग पडते, त्यामुळे दरवर्षी नवी घेण्याचा मोह आवरावा.

संकटाच्या वेळी मात्र हात आखडता घेऊ नये. सप्टेंबर 2024 मध्ये मुसळधार पावसाने वॉन्डल नदीला पूर आला आणि पाणी प्लाउ लेनमध्ये शिरले; मैदानाचा एक भाग अक्षरशः खचून तेथे खड्डा पडला. न्यूकॅसलविरुद्धचा लीग कपचा सामना तेथे होणार होता, तो न्यूकॅसलच्या मैदानावर हलवावा लागला आणि विम्बल्डनने तो 0-1 असा गमावला. दुतोंड्या मारुतीच्या कितव्या भागापर्यंत पाणी चढले यावर गोदेचा पूर मोजणाऱ्या नाशिककराला त्या छायाचित्रांचे गांभीर्य वेगळे सांगावे लागले नाही. पाठीराख्यांनी मदतनिधी उभा केला, प्रतिस्पर्धी न्यूकॅसलनेही पैसे दिले, आणि मैदान दुरुस्त झाले.

भारतातील खालच्या श्रेणीतील क्लब का निवडू नये?

अवश्य निवडावा, उलट तेच अधिक अवघड आणि म्हणून अधिक कौतुकाचे आहे. मिझोरामचा ऐझॉल एफसी 2016 मध्ये आय-लीगमधून खाली गेला होता, पण गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला परत घेतले गेले आणि पुढच्याच हंगामात, एप्रिल 2017 मध्ये, तो चक्क विजेता ठरला. त्या संघाचे प्रशिक्षक खालिद जमील होते, जे पूर्वी मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते आणि 2025 मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. मुंबई एफसी मात्र त्याच हंगामात तळाला राहिला.

अडचण रचनेची आहे. आय-लीगमधून सुपर लीगमध्ये जाण्याची वाट 2023 मध्ये पंजाबच्या आणि 2024 मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंगच्या रूपाने खुली झाली खरी, पण 2025 चे आय-लीग विजेतेपद कोणाचे, हे ठरवायला प्रकरण स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादापर्यंत गेले आणि निकाल जुलैमध्ये इंटर काशीच्या बाजूने लागला. भारतीय क्लबच्या पाठीराख्याला गुणतालिकेबरोबर निकालपत्रेही वाचावी लागतात.

प्रत्यक्ष मैदानावर जाऊन असा फुटबॉल पाहायचा असेल तर?

कोल्हापूरला जावे. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब हे पेठापेठांचे संघ तेथे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये खेळतात आणि छत्रपती शाहू स्टेडियमवर त्यांच्यासाठी जमणारी गर्दी पाहिली की व्यावसायिक लीगच्या रिकाम्या खुर्च्यांचे आश्चर्य वाटते. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारतातर्फे खेळलेला अनिकेत जाधव याच जिल्ह्याचा. नाशिकहून हा एका रात्रीचा प्रवास आहे. सामन्यांच्या तारखा परीक्षा आणि बंदोबस्त पाहून बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी ओळखीच्या कोल्हापूरकराला फोन करून खात्री करून घ्यावी, आणि मैदानात शिरल्यावर कोणत्या तालमीचे समर्थक कोणत्या बाजूला बसतात हे विचारूनच जागा धरावी.